आधी कूलर बंद करा: नागपूरहून परदेशी इंटर्नशिप, घरबसल्या आणि प्रत्यक्ष

आमच्या कॉलेजात परदेशी इंटर्नशिपचं नाव काढलं की दोनच उत्तरं मिळायची. एक, "ते आयआयटीवाल्यांचं काम आहे." दुसरं, "काकाच्या ओळखीचा एक कन्सल्टंट आहे, पाऊण लाखात करून देतो." मी हिंगणा रोडवरच्या एका खाजगी कॉलेजात सिव्हिलला होते. गाव काटोल, राहायला नागपूरच्या नंदनवन भागात आत्याकडे. माझ्याकडे आयआयटीही नव्हती आणि असा काकाही नव्हता. तरी २०२४ मध्ये चार महिने नेदरलँड्समधल्या एका गटासाठी नागपुरात बसून काम केलं आणि २०२५ च्या उन्हाळ्यात बारा आठवडे जर्मनीतल्या एका विद्यापीठात राहून आले. तेव्हापासून दर आठवड्याला कुणी ना कुणी विचारतं, "ताई, प्रोसेस काय आहे?" व्हॉट्सॲपवर तेच तेच टाइप करून कंटाळले, म्हणून इथे एकदाच सगळं लिहून ठेवते.

मी कोडिंगवाली नाही, हे आधीच सांगते. त्यामुळे सिव्हिल, फार्मसी, ॲग्री, कॉमर्सवाल्यांनी "हे आपल्यासाठी नाही" म्हणून लगेच पान बंद करू नये.

## १. उन्हाळ्याची तयारी पोळ्याला

सगळ्यात जास्त मुलं इथेच चुकतात. एप्रिलमध्ये सबमिशन संपलं की "चला, आता इंटर्नशिप बघू" म्हणतात. तोवर युरोप-अमेरिकेतल्या त्या उन्हाळ्याच्या जागा भरून महिने झालेले असतात. कॅनडाच्या मायटॅक्स ग्लोबलिंक या संशोधन-इंटर्नशिप कार्यक्रमाचे पुढच्या उन्हाळ्याचे अर्ज आदल्या सप्टेंबरातच बंद होतात. सर्न या युरोपातल्या कणभौतिकी प्रयोगशाळेच्या उन्हाळी कार्यक्रमाचे जानेवारीअखेर.

माझं वेळापत्रक मी सणांवर बसवलं होतं, कारण तारखा विसरते, सण विसरत नाही. पोळ्यापर्यंत पासपोर्टचा अर्ज. गणपतीत ठिकाणांची यादी. दसरा ते दिवाळी ई-मेल. संक्रांतीच्या आसपास होकार-नकार. होळीच्या आत व्हिसाचे कागद.

दुसरा पेच आपल्या विद्यापीठाचा. नागपूर विद्यापीठाची 'उन्हाळी परीक्षा' कधी मेमध्ये संपते, कधी जूनमध्ये घुसते, आणि वेळापत्रक हातात पडतं तेव्हा तिकीट काढायची वेळ निघून गेलेली असते. म्हणून समोरच्याला एकच तारीख देऊ नका. "१ जून ते २० जून यादरम्यान केव्हाही सुरू करू शकते, परीक्षेचं वेळापत्रक एप्रिलमध्ये कळेल" असं मी सरळ लिहिलं. त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. होकार देऊन मेमध्ये तारीख बदलली असती तर नक्की वाटलं असतं.

## २. पासपोर्ट आणि नावाचा घोळ

साध्या ३६ पानी पासपोर्टची फी १,५०० रुपये, तत्काळ हवा तर वर आणखी २,०००. अर्ज सरकारी पासपोर्ट सेवा पोर्टलवर स्वतः भरता येतो, एजंट लागत नाही. दहावीचं प्रमाणपत्र सोबत ठेवा. दहावी पास असलात की 'ईसीआर'चा (काही देशांत नोकरीला जाण्याआधी सरकारी परवानगी लागते, असं सांगणारा) शिक्का लागत नाही.

बाहेरगावच्या मुलांनी एक लक्षात घ्या. आधारवर पत्ता गावचा आणि राहता नागपुरात, तर पोलीस पडताळणी नेमकी कुठे होणार हे आधी ठरवा. मी काटोलचा पत्ता दिला आणि हवालदार घरी आले त्या दिवशी मी इकडे प्रॅक्टिकलला. आईने फोन करून सांगितलं, "ते म्हणतात, पोरगी हजर पाहिजे." पुन्हा एक चक्कर.

खरा घोळ नावाचा. आपल्या मार्कशीटवर आधी आडनाव, मग आपलं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर 'गिव्हन नेम' आणि 'सरनेम' असे दोन वेगळे रकाने. मी ई-मेलमध्ये मार्कशीटसारखं नाव लिहायचे, तर जर्मन प्राध्यापिका दोन आठवडे मला माझ्या बाबांच्या नावाने हाक मारत होत्या. त्यात हसण्यासारखं होतं. पण निमंत्रणपत्रही त्याच नावाने आलं तेव्हा हसू थांबलं, कारण व्हिसासाठी पत्रावरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव अक्षरशः सारखं लागतं. पत्र परत करून घेण्यात नऊ दिवस गेले. म्हणून पहिल्या ई-मेलपासून सगळीकडे पासपोर्टवरचंच नाव, त्याच क्रमाने.

## ३. दाखवण्याजोगं एक काम

या लेखातून एकच पायरी घ्यायची असेल तर ही घ्या. बाकीचं सगळं कागदी काम आहे, ते कुणीही सांगेल.

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपूरकर विसरणार नाहीत. काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी वस्त्यांत शिरलं. मी तेव्हा दुसऱ्या वर्षाला होते. आठवडाभराने एका मैत्रिणीकडे गेले तर तिच्या भिंतीवर पाण्याची ओली रेघ तशीच होती. मी टेपने मोजली. मग शेजारच्यांची मोजली. दिवाळीच्या सुट्टीत ४६ घरांच्या रेघा मोजल्या, मोबाइलच्या जीपीएसने जागा टिपली आणि क्यूजीआयएस नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये नकाशा केला. क्यूजीआयएस यूट्यूबवर शिकले. नकाशा फार सुंदर नव्हता, दोन ठिकाणी उंचीचा हिशोब चुकलाही होता. पण तो माझा होता आणि माझ्याशिवाय कुणाकडे नव्हता.

पुढे मला जे काही मिळालं, ते त्या नकाशामुळे. माझा सीजीपीए सांगण्यासारखा नाही. मुलाखतीत त्याबद्दल कुणी विचारलंही नाही. विचारलं ते एवढंच की रेघ मोजताना जमिनीची उंची कशी धरलीस, आणि लोकांनी घरात येऊ कसं दिलं.

तुमच्याकडे असं काय असू शकतं? संत्र्याच्या बागेत कोळशी (पानं काळी पाडणारी बुरशी) पडते, त्या पानांचे तीन महिने दर आठवड्याला काढलेले फोटो आणि नोंदी. इतवारीतल्या दहा दुकानदारांना विचारून केलेली हिशोबाच्या पद्धतीची टिपणं. लॉवाल्यांसाठी ग्राहक आयोगाच्या पन्नास निकालांचा तक्ता. कोडिंगवाल्यांसाठी एखाद्या खुल्या (ओपन सोर्स) सॉफ्टवेअर प्रकल्पात स्वीकारली गेलेली छोटी दुरुस्ती, मग ती स्पेलिंगची का असेना. ऑनलाइन कोर्सचं प्रमाणपत्र मात्र यात धरू नका. तसली प्रमाणपत्रं माझ्याकडे अकरा होती, एकाबद्दलही कुणी प्रश्न केला नाही.

काम झालं की ते एका लिंकवर ठेवा. एक पान पुरे: प्रश्न काय होता, काय केलं, काय सापडलं, कुठे चुकलं. 'कुठे चुकलं' गाळू नका.

## ४. आधी घरबसल्या

माझा सल्ला असा की पहिली इंटर्नशिप रिमोट करा. ती कमी दर्जाची असते हा गैरसमज आहे. विमानाचे पैसे लागत नाहीत, व्हिसा लागत नाही आणि परदेशी माणसांबरोबर काम करायची सवय घरच्या घरी होते. पुढच्या अर्जासाठी शिफारसपत्र मिळतं ते वेगळंच.

माझ्या डच गटाचं काम सोपं होतं: पावसाच्या जुन्या नोंदी साफ करायच्या, नकाशे लावायचे. आठवड्याला १५ तास, फेब्रुवारी ते मे, महिना २०० युरो. सुरू करण्याआधी चार गोष्टी लेखी घ्या, ई-मेलवर असल्या तरी चालतील: आठवड्याचे तास, कामावर कोण लक्ष ठेवणार, पैसे किती आणि कधी, आणि शेवटी प्रमाणपत्र कोणाच्या सहीने.

घड्याळाने मला एकदा चांगलंच फसवलं. युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास पुढे करतात, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे. हिवाळ्यात आपण त्यांच्या साडेचार तास पुढे, उन्हाळ्यात साडेतीन. आमची साप्ताहिक मीटिंग त्यांच्या सकाळी अकराला, म्हणजे माझ्या दुपारी साडेतीनला. २ एप्रिलला मी साडेतीनला जोडले गेले तेव्हा सगळे बोलून, उठून जेवायला गेले होते. अमेरिकेत हाच बदल मार्चच्या दुसऱ्या रविवारी होतो. तेव्हा डोक्यात हिशोब करू नका, मोबाइलच्या घड्याळात त्या शहराची वेळ लावून ठेवा.

आणि वीज. मे महिन्यात वादळी पाऊस आला की लाइन जाणार, हे गृहीत धरा. इन्व्हर्टर फक्त पंख्याला न ठेवता राउटरला जोडा, फोनवर हॉटस्पॉटचा डेटा शिल्लक ठेवा आणि पहिल्याच आठवड्यात वरिष्ठांना सांगून ठेवा की असं होऊ शकतं. गायब झाल्यावर कारण सांगण्यापेक्षा हे बरं.

पैसे बँकेत येताना शाखेतून फोन येतो: "हे युरो कशाचे?" घाबरू नका. परदेशातून आलेल्या रकमेला कारणाचा एक कोड लागतो. इंटर्नशिपचं पत्र दाखवलं की काम होतं. खात्याला पॅन जोडलेला हवा, बँकेचा स्विफ्ट कोड (परदेशातून पैसे येण्यासाठीचा) आधी विचारून ठेवायचा आणि रक्कम आल्याचा कागद मागून घ्यायचा. आयकर विवरणपत्र भरत असाल तर ही मिळकत त्यात दाखवावी लागते, कर बसो न बसो. माझ्या बाबांच्या नकळत मी पहिलं विवरणपत्र भरलं आणि त्यांना त्याचाच जास्त अभिमान वाटला!

## ५. कुठे शोधायचं

सगळीकडची यादी देत नाही. ज्यांच्याबद्दल खात्री आहे तेवढंच. अटी दर वर्षी बदलतात, तेव्हा अर्ज करताना मूळ पानावर जाऊन वाचा.

घरबसल्या: गूगल समर ऑफ कोड, म्हणजे खुल्या सॉफ्टवेअर प्रकल्पांत मानधनावर काम, २००५ पासून चालू आहे. २०२२ पासून विद्यार्थी नसलेल्यांनाही अर्ज करता येतो, वय १८ पूर्ण हवं. प्रकल्प साधारण ९०, १७५ किंवा ३५० तासांचे, अर्ज मार्च-एप्रिलच्या सुमारास. पण निवड होते ती त्याआधी दोन-तीन महिने त्या प्रकल्पात वावरलेल्यांची. आउटरीची ही तशीच खुल्या प्रकल्पांतली इंटर्नशिप वर्षातून दोनदा असते, तीन महिने, मानधन ७,००० डॉलर. तंत्रज्ञानाच्या क्षेत्रात ज्यांना भेदभाव सोसावा लागतो, ज्यांचं प्रतिनिधित्व कमी आहे, अशांसाठी ती आहे. अर्जात त्याबद्दल निबंध लिहायचे असतात. मनापासून लिहा. संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक विभागाचं ऑनलाइन स्वयंसेवेचं पोर्टल आहे. पैसे मिळत नाहीत, पण भाषांतर, संशोधन, डिझाइन अशी कामं असतात आणि कोडिंग यावं लागत नाही.

प्रत्यक्ष: मायटॅक्स ग्लोबलिंक, कॅनडा, बारा आठवडे. जपानच्या ओकिनावातली ओआयएसटी ही संशोधन संस्था, अर्जाच्या मुदती एप्रिल आणि ऑक्टोबर, प्रवास आणि राहण्याला मदत. सौदीतलं कौस्ट विद्यापीठ, तीन ते सहा महिने, महिना १,००० डॉलर आणि राहायला जागा. विज्ञानवाल्यांना सर्न. न्यूयॉर्कमधल्या संयुक्त राष्ट्र सचिवालयाच्या इंटर्नशिपचं नाव मोठं आहे, पण ती बिनपगारी असते आणि त्या शहरातलं राहणं-खाणं तुमच्या खिशातून. घरच्यांशी बोलल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका.

महाराष्ट्र सरकारच्या परदेश शिष्यवृत्त्यांबद्दल बरेच जण विचारतात. त्या परदेशातल्या पदवीसाठी आहेत, इंटर्नशिपसाठी नाहीत.

आणि नागपुरातच सुरुवात करायला कोण अडवतंय? पर्यावरणावर संशोधन करणारी नीरी १९५८ पासून इथे आहे, कापूस संशोधन संस्था वर्धा रोडवर आहे. माझ्या एका वर्गमित्राने इथल्या एका प्रयोगशाळेत सहा आठवडे पाण्याचे नमुने तपासले, आणि तिथल्या मॅडमच्या पत्रावर तो सिंगापूरला गेला.

## ६. ई-मेल

कार्यक्रमात निवड झाली नाही तरी थेट प्राध्यापकांना लिहिता येतं. मी तसंच केलं. एकतीस ई-मेल, सहा उत्तरं, त्यातली चार नकाराची, एक "पुढच्या वर्षी लिही", एक होकार.

पहिले बारा ई-मेल फुकट गेले, कारण त्यात मी "रिस्पेक्टेड सर" लिहिलं होतं (त्यातल्या पाच बाया होत्या), मग अर्धं पान स्वतःची माहिती आणि शेवटी "आपल्या मार्गदर्शनाखाली काम करण्याची संधी द्यावी ही नम्र विनंती." हा आपल्या अर्जाचा साचा. तिकडे कुणी तो शेवटपर्यंत वाचत नाही.

तेराव्यापासून असं लिहिलं. पहिल्या दोन ओळींत त्यांचा कुठला शोधनिबंध वाचला आणि त्यातलं काय माझ्या अंबाझरीच्या नकाशाला लागू पडतं. मग नकाशाची लिंक. मग थेट मागणी: कोणत्या तारखांना, किती आठवडे, पैशांची माझी काय सोय आहे आणि काय नाही. एकूण दीडशे शब्द. सोबत एका पानाचा सीव्ही, पीडीएफ. त्यात फोटो, जन्मतारीख, धर्म, वडिलांचा व्यवसाय काही नको. तो लग्नाचा बायोडाटा नाही.

उत्तर नाही आलं तर दहा दिवसांनी एकदा आठवण करा, त्यानंतर सोडून द्या. एकच मजकूर चाळीस जणांना पाठवू नका. आणि एआयकडून अख्खा ई-मेल लिहून घेऊ नका. इंग्रजी तपासून घ्या, त्यात गैर काही नाही. पण जर्मनीत गेल्यावर मॅडमनी मला त्यांचा इनबॉक्स दाखवला. भारतातून आलेले सतरा ई-मेल, सगळ्यांची सुरुवात एकाच वाक्याने.

## ७. मुलाखत

कूलर बंद करा. गंमत नाही. नागपूरच्या कूलरची घरघर आपल्याला ऐकूच येत नाही इतकी ती अंगवळणी पडलेली असते, पण माइकमधून समोरच्याला विमान उडाल्यासारखं ऐकू जातं. माझी पहिली मुलाखत ऑक्टोबर हिटमध्ये होती. समोरच्यांनी तीनदा विचारलं, "तू बाहेर उभी आहेस का?" मला वाटलं, माझं इंग्रजी कळत नाहीये, म्हणून मी आणखी जोरात बोलले. ती जागा गेली. दुसऱ्या वेळी कूलर बंद, दार बंद, आत्याच्या हातात कुकरची शिट्टी, आणि घामाने निथळत वीस मिनिटं.

इंग्रजी मोडकं असलं तरी चालतं. माझं दहावीपर्यंत मराठी माध्यम. समजलं नाही तर "पुन्हा सांगाल का?" हे वाक्य बिनधास्त वापरा. न समजता मान हलवली की गाडी पुढच्या प्रश्नात अडकतेच.

शेवटी "तुला काही विचारायचं आहे का?" असं विचारतात. "नो मॅम" म्हणू नका. माझ्या जागी कोणत्या डेटावर काम असेल, रोज कुणाशी बोलायचं असेल, एवढं तरी विचारा.

## ८. इथे पाय घसरतो

- पैसे मागणारी इंटर्नशिप. नोंदणी फी, 'सीट ब्लॉक' करायला आगाऊ रक्कम, प्रमाणपत्राचं शुल्क. काम तुम्ही करणार आणि पैसेही तुम्ही देणार? काही विद्यार्थी-देवाणघेवाण संस्था सेवाशुल्क घेतात, ते उघडपणे लिहिलेलं असतं. तिथे बदल्यात नेमकं काय मिळतं ते विचारा.
- कन्सल्टंट. मला एकाने ८५ हजार सांगितले. यादीत काय होतं? सीव्ही, ई-मेल आणि 'व्हिसा मार्गदर्शन'. तिन्ही गोष्टी या पानावर फुकट आहेत.
- थायलंड, म्यानमार, कंबोडिया, लाओसमधली 'डेटा एंट्री' किंवा 'डिजिटल मार्केटिंग'. भरघोस पगार, चटकन निवड, तिकीट ते काढणार. म्यानमारमधल्या म्यावाडीच्या आसपास भारतीय तरुणांना असंच नेऊन डांबलं आणि सायबर फसवणूक करायला लावलं, म्हणून २०२२ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने इशारा दिला होता. इंटर्नशिपच्या नावाखाली असं काही आलं तर मुळीच जाऊ नका. पैसे गेले असतील तर १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन करा.
- टूरिस्ट व्हिसा. "जा तर खरं, तिथे कोण बघतं" म्हणणारा भेटतोच. विमानतळावरचा अधिकारी बघतो. परत पाठवलं तर ती नोंद पुढच्या प्रत्येक अर्जात आड येते.

## ९. कागदपत्रं

एका प्लास्टिकच्या फाइलमध्ये मूळ प्रती, आणि फोनवर व ई-मेलमध्ये स्कॅन:

- पासपोर्ट, मुक्काम संपल्यावर निदान तीन महिने वैध आणि दोन कोरी पानं असलेला
- दहावी, बारावी आणि सगळ्या सत्रांच्या मार्कशीट
- कॉलेजचं बोनाफाइड
- कॉलेजची एनओसी, तारखांसह
- निमंत्रणपत्र किंवा करार, पासपोर्टवरच्याच नावाने
- सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, वडिलांची किंवा आईची आयकर विवरणपत्रं, खर्च ते करणार असल्याचं पत्र
- प्रवास विमा, शेंगेन देशांसाठी (एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपातले देश) किमान ३०,००० युरोचं संरक्षण
- राहण्याच्या जागेचा पुरावा
- फोटो, त्या देशाच्या मापाचे

एनओसी सगळ्यात सोपी वाटते आणि सगळ्यात जास्त वेळ खाते. आमच्याकडे विभागप्रमुख म्हणाले, प्राचार्यांची सही लागेल. प्राचार्यांचं ऑफिस म्हणालं, ट्रेनिंग-प्लेसमेंटकडून येऊ द्या. तिथले सर म्हणाले, "असा फॉरमॅटच नाही आपल्याकडे." पाच आठवडे मी तीन टेबलांमध्ये फिरले. शेवटी मजकूर मीच टाइप केला, प्रिंट काढली आणि सही तेवढी मागितली. ती दहा मिनिटांत झाली. तुम्ही पहिल्याच दिवशी मजकूर घेऊन जा.

'अपॉस्टिल (कागदपत्रांवर परराष्ट्र मंत्रालयाचं प्रमाणीकरण) करून घ्या' असं कुणी सांगितलं तर आधी यजमान संस्थेला विचारा, खरंच लागतं का. मला लागलं नाही.

## १०. व्हिसा आणि पैसे

प्रत्येक देशाची तऱ्हा वेगळी. अमेरिकेत इंटर्नशिप जे-१ व्हिसावर होते आणि त्यासाठी मान्यताप्राप्त प्रायोजकाकडून डीएस-२०१९ हा कागद यावा लागतो. फ्रान्समध्ये तुम्ही, तुमचं कॉलेज आणि यजमान असा तिघांचा करार लागतो. तिथे दोन महिन्यांच्या वर इंटर्नशिप असेल तर मानधन देणं कायद्याने बंधनकारक आहे, तेव्हा "आम्ही देत नाही" म्हणणाऱ्याला हे माहीत असू द्या. शेंगेन देशांत ९० दिवसांच्या आत की बाहेर यावर व्हिसाचा प्रकार बदलतो. माझे ८४ दिवस होते, मुद्दामच तेवढे ठेवले. कोणता व्हिसा लागेल ते यजमान विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाला लेखी विचारा आणि ते उत्तर फाइलमध्ये ठेवा.

बोटांचे ठसे द्यायला मला मुंबईला जावं लागलं. विदर्भ एक्सप्रेसने संध्याकाळी निघाले, सकाळी उतरून थेट रांगेत. वेळ मिळायलाच तीन आठवडे लागले होते, म्हणून निमंत्रणपत्र आल्या दिवशीच वेळ घ्या.

बँक खात्यात ऐनवेळी मोठी रक्कम टाकू नका. एका ज्युनिअरच्या मामाने अर्जाच्या आदल्या आठवड्यात तीन लाख टाकले, प्रेमाने. व्हिसा अधिकाऱ्याने तेवढंच विचारलं, हे कुठून आले? बाबांनी माझ्यासाठी संत्र्याच्या आंबिया बहाराचे पैसे डिसेंबरपासूनच बाजूला ठेवले होते, त्यामुळे स्टेटमेंटमध्ये ते पाच महिने दिसत होते.

माझा खर्च: विमान ६४ हजार, व्हिसा-विमा-मुंबई मिळून जवळपास २० हजार, खोली महिना ३६० युरो. विद्यापीठाने दिलेल्या मानधनात खोली आणि जेवण निघालं. घरून एकूण गेले सव्वा लाखाच्या आत. खोलीचे पैसे न बघता कुणालाही पाठवू नका. मी गटातल्या एका पीएचडीवाल्या मुलीला जाऊन बघायला सांगितलं होतं.

## ११. पोचल्यावर

शनिवारी रात्री पोचू नका. जर्मनीत रविवारी दुकानं बंद. मी शनिवारी रात्रीच पोचले आणि रविवार चिवड्यावर काढला. बर्फी बॅगेत नव्हतीच: युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानात न्यायला मनाई आहे. खव्याची संत्रा बर्फी आणि पेढे घरीच ठेवा. चटण्या, मेतकूट, चिवडा चालतात.

तिथलं मासिक प्रवासाचं डॉइचलांड-टिकेट घेतलंत तर ते वर्गणीसारखं चालतं. त्या महिन्याच्या १० तारखेच्या आत बंद केलं नाही तर पुढच्या महिन्याचे पैसे कापले जातात. मला हे ११ तारखेला कळलं.

कामात मला सगळ्यात अवघड गेलं ते 'नाही' म्हणणं. पहिल्या आढाव्यात मॅडम जे सांगतील त्यावर मी हो-हो करत राहिले. आपल्याकडे मोठ्यांसमोर असंच वागतात. आठवड्याने निघालं की अर्धं मला कळलंच नव्हतं आणि उरलेल्या अर्ध्यात त्यांची एक गोष्ट चुकलेली होती. नाल्यात पाणी नदीकडेच वाहतं असं त्यांनी धरलं होतं. नागपुरात त्या रात्री नदी भरली आणि पाणी नाल्यातून उलटं वस्तीत शिरलं, हे मी भिंतींवर पाहिलेलं. पण बोलले नाही. रात्री आत्याला फोन केला. ती म्हणाली, "काहून रडून राहिली? तू पाहिलं ना? मंग सांग त्यांना." दुसऱ्या दिवशी फोटो घेऊन गेले. मॅडमनी मॉडेल बदललं, आणि पुढच्या मीटिंगपासून मला आधी विचारू लागल्या.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात घरची फार आठवण येते. तेवढ्यासाठी परत यायचं ठरवू नका. स्वयंपाक करा, कुणाला तरी जेवायला बोलवा.

## १२. निघण्याआधी सही आणि शिक्का

क्रेडिट मिळवायचे असतील तर कॉलेजचा मूल्यमापन फॉर्म जातानाच सोबत न्या. तिकडे रोजची नोंदवही ठेवा, तारीख आणि तास लिहून. क्रेडिटचा हिशोब तासांवर होतो.

मी फॉर्म नेला नव्हता. विद्यापीठाने छान प्रमाणपत्र दिलं, डिजिटल सही, पीडीएफ. परत आल्यावर आमच्या ऑफिसातल्या बाबूंनी ते उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, "गोल शिक्का कुठे आहे?" तसा शिक्का माझ्या मॅडमकडे नव्हताच. त्यांना ई-मेल करून समजावताना माझी जी तारांबळ उडाली! शेवटी त्यांनी विभागाच्या सचिवांकडून कुठला तरी जुना शिक्का शोधून, कागदावर उमटवून टपालाने पाठवला. पत्र नागपुरात पोचायला एकोणीस दिवस लागले आणि क्रेडिटचा फॉर्म भरायच्या मुदतीला दोन दिवस उरले होते.

तेव्हा शेवटच्या आठवड्यात फॉर्म घेऊन त्यांच्यासमोर बसा, सही घ्या, आणि शिक्का आहे का ते विचारा. आयताकृती असला तरी चालतो. आमच्या बाबूंनी तो घेतला.